दोनदा वजा झालेली रक्कम

गेल्या दिवाळीच्या आठवड्यातील गोष्ट. नातीला कपडे घेण्यासाठी आम्ही उभयता सांगलीच्या बाजारपेठेत गेलो होतो. बिल ३,८५० रुपये झाले. गल्ल्यासमोरचा क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, आणि मोबाईलच्या पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. दुकानातील स्पीकरही मुका. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली. ‘‘काका, पैसे आले नाहीत, पुन्हा एकदा करून बघा,’’ गल्ल्यावरचा तरुण म्हणाला. मी पुन्हा केले. या वेळी स्पीकर बोलला, पावती मिळाली, आम्ही घरी परतलो. रात्री मोबाईल पाहतो तो तीच रक्कम दोनदा वजा झाल्याचे दोन संदेश!

आयुष्य बँकेत गेलेले. त्यामुळे मी मोठ्या रुबाबात घरी सांगितले, ‘‘पाच दिवसांत आपोआप परत येतील.’’ पाच दिवस गेले, सहावाही गेला. पैसे आले नाहीत. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हेच अधिक बोचले.

मी ज्या नियमाच्या भरवशावर होतो, तो खोटा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यातून वजा झाली, पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचलीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा व्हावी लागते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ही मुदत एकच दिवसाची. मुदत उलटल्यास दररोज १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. परंतु हा सारा नियम फसलेल्या व्यवहारांचा आहे. माझे दोन्ही व्यवहार यशस्वी झाले होते. दोहोंचे बारा अंकी व्यवहार क्रमांक वेगळे, आणि दोहोंपुढे ‘यशस्वी’ असा शेरा. बँकेच्या दृष्टीने मी दोनदा खरेदी केली होती! असे पैसे आपोआप परत येत नाहीत. ते दुकानदाराच्या खात्यात असतात आणि त्यानेच परत करावे लागतात. शेरा पहिल्याच रात्री पाहिला असता, तर सहा दिवस वाचले असते.

सातव्या दिवशी खाते उतारा घेऊन दुकानात गेलो. तरुण म्हणाला, ‘‘स्पीकर एकदाच वाजला होता, काका.’’ ते खरेच होते. पण स्पीकर हा निरोप्या आहे, खातेवही नव्हे. नेटवर्क गेले की निरोप राहून जातो, पैसे मात्र पोहोचलेले असतात. आमचे बोलणे ऐकून आतून त्याचे आजोबा आले. त्यांनी तारीख विचारली आणि रोजमेळ उघडला. त्या दिवशीच्या पानावर बँकेतील जमा विक्रीपेक्षा ३,८५० रुपयांनी अधिक होती, आणि ती रक्कम त्यांनी विक्रीत न धरता उचंत खाती टाकून ठेवली होती. ‘‘कोणाचे आहेत ते कळत नव्हते. वाट पाहत होतो,’’ एवढेच ते म्हणाले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दुकान आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आजोबांनी रोख रक्कम दिली नाही, आणि ते योग्यच केले. नातवाला त्यांनी माझा बारा अंकी क्रमांक बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहायला लावला आणि पैसे ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यात परत पाठविले. ‘चुकून दोनदा पाठविले’ असे सांगून बनावट पडद्याचे छायाचित्र दाखवायचे आणि भलत्याच नंबरवर परतावा मागायचा, हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. छायाचित्रावर विसंबू नये. स्वतःच्या खात्यातील जमा पाहावी. ग्राहकानेही ध्यानात ठेवावे की पैसे परत मिळविण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक बहुधा चोराचाच निघतो.

दुकानदार दाद देत नसेल तर? अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवावी, मग बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो. पैसे दुकानदारानेच अडविले असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हा मार्ग अधिक जवळचा.

संक्रांतीच्या आधी त्याच दुकानात पुन्हा जाणे झाले. चक्र पुन्हा फिरू लागले. मी सवयीने पडद्यावर बोट नेणार, तोच तो तरुण म्हणाला, ‘‘थांबा काका, आधी बँकेचं खातं बघतो.’’ पैसे आले होते. स्पीकर त्यानंतर केव्हातरी बोलला.