संगणकाचा पडदा आपल्या घराला साजेसा

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्युबिंगेन विद्यापीठातल्या माटियास एट्रिश या विद्यार्थ्याने एक जाहीर आवाहन केले. त्या काळी युनिक्स-लिनक्सवरच्या प्रत्येक प्रोग्रामचे रूप वेगळे आणि चालवण्याची तऱ्हाही वेगळी असे. प्रोग्रामरचे त्यात निभावून जाई, पण सामान्य माणसाने काय करावे? त्याच्यासाठी एकसारखा दिसणारा पडदा हवा, या विचारातून केडीई जन्मले. जुलै १९९८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्याच्या आजच्या पडद्याचे नाव प्लाझ्मा. तो मोफत आहे, आणि त्याचे रूप बदलायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

हे आज सांगायचे कारण घरगुती आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक घरांतले चांगले चालणारे लॅपटॉप कपाटात गेले. तिकडे आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. दिवसभर आपण कामावर, मुले शाळेत. मराठी वर्तमानपत्र वाचायचे तर पडद्यावरची करडी, बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत. त्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि प्लाझ्मा घालून त्यांच्या डोळ्यांना मानवेल असा पडदा घडवता येतो. अशा घडवलेल्या रूपाला ‘थीम’ म्हणतात.

नवशिक्याने सगळे एकदम बदलू नये. थीमचे थर असतात : रंग, अक्षरे, चिन्हे, पट्ट्या व चौकटी, आणि खिडक्यांच्या कडा. सुरुवात रंगांपासून करावी. ‘सिस्टेमआइनश्टेलुंगेन’मध्ये ‘फार्बेन’ हा विभाग आहे. तिथली ‘ब्रीझ’ ही मूळ रंगसंगती घ्यावी, बदलावी आणि नव्या नावाने साठवावी. मूळ प्रत शाबूत राहते, त्यामुळे काही बिघडले तरी परत फिरता येते. साठवलेली फाइल साध्या मजकुराची असते. तीत प्रत्येक रंग तीन आकड्यांनी लिहितात : लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा.

आता खरी मेख. रंग सुंदर दिसणे वेगळे आणि अक्षर वाचता येणे वेगळे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला तो किमान ४.५ला १ हवा, आणि अधिक कडक पातळीला ७ला १. पांढऱ्यावर करडे अक्षर ठेवायचे तर तिन्ही आकडे ११८ च्या वर जाऊ नयेत; वडीलधाऱ्यांसाठी ८९ किंवा त्याहून कमीच बरे. निवडलेली ओळ आणि बंद असलेली बटणेही तपासावीत, कारण फिक्या रंगांचा घोळ बहुधा तिथेच होतो.

नंतर अक्षरे. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, त्यामुळे रोमन लिपीला पुरणारा आकार आपल्याला अपुरा पडतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घ्यावा आणि आकार १० वरून १२ करून पाहावा. ‘दृष्टी’, ‘कुटुंब’, ‘सूर्य’ हे शब्द लिहून वरखाली काही कापले जात नाही ना, ते पाहावे.

हे जमले की पट्ट्या व चौकटींकडे वळावे. त्यांची चित्रे एसव्हीजी प्रकारची असतात आणि इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये काढता येतात. चौकटीचे नऊ तुकडे असतात : चार कोपरे, चार कडा आणि मधला भाग. खिडकी मोठी झाली तरी कोपरे तसेच राहतात; कडा आणि मधला भाग तेवढे वाढतात. प्रत्येक तुकड्याला ठरलेले नाव असते. ते बदलले तर प्लाझ्माला तो तुकडा सापडत नाही. सोय अशी, की आपल्या थीममध्ये एखादी फाइलच नसली तर मूळ थीममधली वापरली जाते. म्हणून एकाच फाइलपासूनही सुरुवात करता येते.

शेवटची परीक्षा मात्र आपण घेऊ नये. लॅपटॉप आई-बाबांच्या हाती द्यावा, चष्म्यासकट, दिवसा खिडकीजवळ आणि रात्री दिव्याखाली. त्यांनी न विचारता बातमी वाचली, की थीम उत्तम जमली म्हणायची!