परसांतील ‘रान’

पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले कीं विळा घेऊन गडी परसांत उतरतो आणि विहिरीपासून वृंदावनापर्यंत सारें ‘रान’ साफ करतो. त्या रानांत काय काय जातें, याचा विचार आपण क्वचितच करतों.

आघाडा घ्या. हरितालिकेच्या व गणपतीच्या पत्रींत त्यास मान. एरवीं धोतरास चिकटणारीं बोंडें एवढीच त्याची ओळख. संस्कृतांत हाच अपामार्ग. त्याच्या राखेपासून निघणारा क्षार निवडुंगाच्या चिकासह व हळदीसह दोऱ्यावर चढवितात. भगंदरावरील तें क्षारसूत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत शस्त्रक्रियेपेक्षां यानें वेळ अधिक लागला, परंतु व्याधि उलटण्याचें प्रमाण कमी आढळलें.

टाकळ्याची कोंवळी भाजी कोंकणांत सर्वांच्या परिचयाची. त्याचें ‘दद्रुघ्न’ हें नांवच नायट्यावरील उपयोग सांगतें. दगडी पाल्याची मात्र मौज आहे. खरचटलें कीं आमच्या आजी त्याचा रस जखमेवर पिळीत. त्याचें नांव आम्ही निघंटूंत पुष्कळ दिवस शोधीत होतों. पुढें कळलें कीं ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील!

भुईआवळीविषयीं लिहितांना मात्र लेखणी अडखळते. आमचा पुतण्या भातलावणीहून परतला तो तापानें फणफणलेला. चौथ्या दिवशीं डोळे पिवळे. आमच्याच सांगण्यावरून वहिनींनीं भुईआवळी मुळासकट वाटून पांच दिवस दुधांतून दिली. सहाव्या दिवशीं लघवी कमी झाली, तेव्हां रुग्णालयांत नेलें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या चिखलापाण्यांतून होणारा तो लेप्टोस्पायरोसिस होता. मूत्रपिंडें बिघडलीं होतीं. मुलगा वांचला, पण डॉक्टरांनीं ‘इतके दिवस काय करीत होतां?’ असें विचारलें तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

कावीळ हें लक्षण; त्याचीं कारणें अनेक. १९८८ सालीं मद्रासच्या संशोधकांनीं ब्लूमबर्ग यांच्यासह या वनस्पतीविषयीं मोठी आशा उत्पन्न केली होती; पुढील चांचण्यांत ती टिकली नाहीं.

परसांतील भुईआवळी आम्ही अद्याप गड्यास उपटूं देत नाहीं. मात्र घरांत कोणाचे डोळे पिवळे दिसले कीं वहिनीच म्हणतात, ‘भावोजी, आधीं रक्त तपासून आणा, पाल्याचें मग पाहूं.’