१८ जागांच्या २९ झाल्या, पण १९ वर्षे उशिराने

महाराष्ट्र विधानसभेत आज अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव आहेत. २००४ च्या निवडणुकीपर्यंत त्या १८ होत्या. लोकसभेसाठी तेव्हा बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर हे तीनच मतदारसंघ राखीव होते. आज अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर असे पाच आहेत. सरकारने मेहेरबानी करून जागा वाढवल्या, असे आपल्यातलेही बरेच जण समजतात. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवी.

संविधानाच्या कलम ३३० आणि ३३२ नुसार राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. राज्यात अनुसूचित जाती जितके टक्के, जवळपास तितके टक्के जागा. प्रश्न एवढाच की अनुसूचित जातीत कोणाला मोजायचे?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि ज्यांनी जनगणनेत ‘बौद्ध’ लिहिले ते या यादीतून बाहेर पडले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ३० लाख, म्हणजे ६ टक्के भरली. त्याच जनगणनेत बौद्ध ३२ लाखांवर होते. हे ३२ लाख हिशेबातच नव्हते. २८८ चे ६ टक्के काढा, १८ जागा कुठून आल्या ते कळेल.

१९९० मध्ये व्ही. पी. सिंह सरकारने कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. १९९१ च्या जनगणनेत हे प्रमाण एकदम ११ टक्क्यांवर गेले. जागा मात्र हलल्या नाहीत, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे गणित १९७१ च्या आकड्यांवर गोठवून ठेवले होते. हक्क मान्य झाला, पण विधानसभेच्या १९९५, १९९९ आणि २००४ या तीन निवडणुका आणि लोकसभेच्या १९९१ पासून २००४ पर्यंतच्या पाच निवडणुका जुन्याच हिशेबावर लढल्या गेल्या. पुढे २००१ च्या जनगणनेवर (प्रमाण १०.२ टक्के) मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ मध्ये पहिल्यांदा २९ जागांवर मतदान झाले. २०११ च्या जनगणनेत प्रमाण ११.८ टक्के आहे. त्या हिशेबाने २८८ पैकी ३४ जागा होतात. पण त्या आकड्यावर राखीव जागा ठरलेल्याच नाहीत.

आता नवी जनगणना आहे, तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७. इथे आपल्या वस्त्यांमधला जुना वाद येतो: धर्म बौद्ध लिहिला, तर जात का लिहायची? भावना मला समजते. जातीचा उच्चार नको म्हणूनच तर दीक्षा घेतली. पण केंद्राच्या यादीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही. महार, मांग, चांभार अशी नावे आहेत. धर्म बौद्ध नोंदवला आणि यादीतले जातीचे नाव दिले नाही, तर ती व्यक्ती बौद्धांच्या आकड्यात मोजली जाते, अनुसूचित जातींच्या नाही. उलट जात लिहून धर्म ‘हिंदू’ नोंदला गेला, तर बौद्धांचा आकडा घटतो. दोन्ही रकाने नीट भरले तरच दोन्ही मोजण्यांत आपण असतो. प्रगणक समोर असताना काय लिहिले ते वाचून घ्यायला लाजू नये.

संख्येनंतरचा वाद असतो तो कोणता मतदारसंघ राखीव करायचा याचा. २००२ च्या कायद्यात अनुसूचित जातींसाठी दोन अटी एकत्र होत्या: त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असलेला भाग निवडायचा आणि जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरायच्या. या दुसऱ्या अटीमुळे आयोगाला बरीच मोकळीक मिळते. आयोगासोबत प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, बोलण्याचा असतो, आणि ते कोणासाठी बोलतात हे वेगळे सांगायला नको. (राखीव जागेवरही बहुमत इतरांचेच असते, ही पुणे करारापासूनची अडचण आहेच, तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

निकाल पटला नाही तर कोर्टात जाऊ, असे म्हणणाऱ्यांनी कलम ३२९ वाचावे. उज्जैनचा मतदारसंघ राखीव केल्यावरून झालेल्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले की आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. २०२४ मध्ये गुजरातमधल्या बारडोलीच्या प्रकरणात न्यायालयाने ही दारे थोडी किलकिली केली: आदेश उघडपणे मनमानी आणि संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर तपासता येईल. पण एवढे सिद्ध करणे सोपे नाही. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. गावनिहाय आणि वॉर्डनिहाय आकडे हातात घेऊन जायची वेळ ती असते, आणि हे आकडे जनगणनेच्या अर्जातूनच येतात.