एकाच डोंगराचा पाऊस, खोरे बदलले की वेगळा



जून उजाडला की घाटाखालच्या गावांतून एक प्रश्न हमखास येतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस चालू असल्याचे बातम्यांत सांगतात, आमच्या शिवारावरून काळे ढगही जातात, मग आमच्याकडे नुसती भुरभुर का? आणि पेरणी करावी की थांबावे? प्रश्नाचा दुसरा भाग रोख पैशाचा आहे. बियाणे, खत, पेरणीचे भाडे हे सगळे एकदा मातीत गेले आणि पाऊस दडला, की दुबार पेरणीला कर्ज काढावे लागते. पण पहिला भाग नीट समजला तर दुसऱ्याचे उत्तर आपोआप सोपे होते.

आधी आकडे बघा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मि. मी.हून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम २० कि. मी.वर पाचगणी, तिथे साधारण त्याचा तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की सातशे-आठशे मि. मी. आणि आणखी पुढे फलटण, माणकडे गेलात तर पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर ते वाई हा एस. टी.चा तास-सव्वा तासाचा रस्ता, पण पाऊस सात पटींनी कमी होतो.

याचे कारण स्वयंपाकघरात सापडेल. शिजत्या भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचला, आतून थेंब टपटपतात. गरम वाफ थंड झाकणाला लागली की तिचे पाणी होते. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकते. पुढे जायला वाट नाही म्हणून ती वर चढते. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे ती पसरते आणि थंड होते. मग तिच्यातल्या वाफेचे ढग आणि ढगांचा पाऊस. हा पाऊस कोकणच्या बाजूने वाढत येतो आणि डोंगरमाथ्यावर कळस गाठतो.

माथा ओलांडला की उलटे घडते, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पलीकडे पाणी संपलेले असते हे अर्धेच खरे. खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा दर १०० मीटर उतरताना साधारण १ अंशाने तापते. तापलेल्या हवेत ढगाचे बारीक थेंब पुन्हा वाफ होऊन विरतात. म्हणून वाईच्या शिवारावर ढग दिसतो, पण गळत नाही. यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

आता कोणी म्हणेल, डोंगराच्या पूर्वेला सगळीकडे असेच असणार. तसे मुळीच नाही! खोरे कोणत्या दिशेने पडले आहे ते बघावे लागते. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा धोम-वाईकडे निघते आणि लवकरच पावसाकडे पाठ फिरवते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीला धरून, डोंगराला समांतर, थेट दक्षिणेला हेळवाकपर्यंत जाते. तिचे सारे वरचे खोरे माथ्याच्या लगत, म्हणून तिथे कोसळतो. धरण तिथेच का बांधले याचे एक कारण हेही आहे. हेळवाकला नदी पूर्वेला वळते, आणि पाटणवरून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर येईतो पाऊस पार उतरलेला असतो.

एका तालुक्यातही हीच गत. वाई तालुक्यात पश्चिमेला डोंगराच्या पोटात जोर हे गाव आहे, तिथे भाताला पाणी आवरत नाही. पूर्वेला भुईंजकडे जिरायत पिके पावसाची वाट बघतात. तेव्हा तालुक्याच्या सरासरीवर माझा तरी फारसा भरवसा नाही. ती कागदाला ठीक, पेरणीला नाही.

हिमालयात हाच खेळ बर्फाचा चालतो. मनालीकडून रोहतांग ओलांडून लाहौल-स्पितीत उतरले की मोसमी पाऊस जवळपास मागेच राहतो. तिथला शेतकरी हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांनी टाकलेल्या बर्फावर जगतो. उन्हाळ्यात तो बर्फ वितळतो, आणि ते पाणी कूल नावाच्या छोट्या पाटांनी शेतात आणतात. आपल्याकडे अशी शिल्लक डोंगरावर राहत नाही. जे पडले ते त्याच आठवड्यात नदीला.

मग आपण करायचे काय? माथ्यालगतच्या गावांत प्रश्न पाणी वाहून जाण्याचा, आणि पाण्याबरोबर खतही जाते. भाताला सगळा युरिया एकदम टाकू नका. लावणीच्या वेळी, फुटव्यांच्या वेळी आणि लोंबी धरण्याआधी असा विभागून द्या. मुसळधार चालू असताना तर हात आखडताच ठेवा. वरकस जमिनीवर नाचणी, वरी हीच भरवशाची.

पर्जन्यछायेत मात्र पडेल तो थेंब अडवायचा. पेरणी उताराला आडवी करा, बांध आधी दुरुस्त करा. एकूण ७५ ते १०० मि. मी. पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी नको. ढग बघून नको आणि महाबळेश्वरचा आकडा ऐकून तर नकोच. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मि. मी. पाऊस पडला, म्हणजे फलटणच्या वर्षभराहून जास्त. हवामान खाते हल्ली साताऱ्याचा घाट विभाग अंदाजात वेगळा सांगते, तो शब्द कान देऊन ऐका. शिवाय पूर्वेकडचा खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या गडगडाटी सरींनी येतो. तो डोंगर चढून येत नाही, जागीच तापलेल्या हवेतून तयार होतो. रब्बी ज्वारीचे रान त्यासाठी आधी तयार हवे.

७५ मि. मी. झाले हे कळायचे कसे? महसूल मंडळात स्वयंचलित केंद्र असते, पण ते तुमच्या वाडीपासून एक डोंगर पलीकडे असू शकते. मंडळात २४ तासांत ६५ मि. मी.हून अधिक झाला की अतिवृष्टी धरतात. ते मोजले जाते केंद्रावर, तुमच्या बांधावर नाही. म्हणून घरचे माप ठेवा. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा डबा घ्या. निमुळता नको. झाड आणि घर यांपासून, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब, मोकळ्यावर घट्ट बसवा. तोंड जमिनीपासून फूटभर वर असावे, म्हणजे चिखलाचे शिंतोडे जात नाहीत. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, डबा रिकामा करा आणि आकडा वहीत मांडा. १ मि. मी. पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी. माथ्यावर वाऱ्याने पाऊस तिरका येतो, तिथे डब्यात थोडे कमीच भरते हे धरून चाला.

पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहा. जागा कोरी सोडलीत, तर पाऊस पडला नव्हता की मोजायचा राहिला, हे पुढे कळत नाही.