गाडी ऑईल खातेय? इंजिन उघडायच्या आधी हे तपासा

गेल्या वर्षी मी एक सेकंड हँड पेट्रोल गाडी घेतली. दोन महिन्यांनी पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकी घाटात, वळणावळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तोच तो, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चिन्ह असलेला. गाडी बाजूला घेतली, ऑईलचं गेज (डिपस्टिक) काढून बघितलं, तर टोकाला जेमतेम थेंब! सर्व्हिसिंग होऊन ४००० किमीसुद्धा झाले नव्हते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. हा दिवा ऑईल कमी झालं हे सांगत नाही, ऑईलचं प्रेशर पडलं हे सांगतो. वळणावर उरलंसुरलं ऑईल एका बाजूला जातं, पंपाला हवा मिळते आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत खूप उशीर झालेला असतो. तेव्हा तो दिसला की लगेच थांबून इंजिन बंद करायचं, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं अजिबात करायचं नाही.

पुण्यात आल्यावर गॅरेजवाल्या काकांनी सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, "रिंग-पिस्टन गेलंय, इंजिनला काम निघालं. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला." माझा तेव्हाचा पगार २६ हजार. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन वाचत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावायचा, ॲप सगळं सांगेल. मीही लावला. पण बहुतेक साध्या गाड्यांमध्ये ऑईलची पातळी मोजणारा सेन्सरच नसतो, मग ॲप सांगणार कुठून? जळकं ऑईल स्पार्क प्लगवर बसून मिसफायर झाला किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झाला, तर कोड येतो. म्हणजे नुकसान झाल्यावर. माझ्या गाडीत एकही कोड नव्हता.

मोबाईलचा खरा उपयोग झाला तो हिशोब ठेवायला. सपाट जागी गाडी लावायची, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, गेज पुसून परत घालायचं आणि मग बघायचं. ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरलं, गेजचा आणि किलोमीटरचा फोटो काढला. मग दर रविवारी सकाळी त्याच जागेवर, तशाच पद्धतीनं एक फोटो. १००० किमी झाल्यावर परत त्याच खुणेपर्यंत यायला किती ऑईल लागलं, ते औषधाच्या मापानं मोजलं. ७०० मिली! थोडं ऑईल प्रत्येक इंजिन खातं, पण हे फारच झालं. (वरच्या खुणेच्या वर मात्र भरू नका. क्रँकशाफ्ट ते ऑईल घुसळतो, फेस होतो आणि खप उलट वाढतो.)

पुढचा प्रश्न, ऑईल गळतंय की जळतंय? रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा. इंजिनवरही कुठे ओल नाही. म्हणजे जळतंय.

मग मित्राला मागच्या बाईकवर बसवून व्हिडिओ काढायला लावला (चालवणारा दुसरा होता, स्वतः चालवताना हा उद्योग करू नका). धूर निळसर असेल तर ऑईल. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंटचा संशय. निळा धूर कधी येतो हेही महत्त्वाचं. ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना सतत येत असेल तर बहुधा रिंग. सकाळी स्टार्ट करताना एकच भपका, किंवा लांब उतारावर पाय काढून आल्यावर परत ॲक्सिलरेटर दाबताना, तर बहुधा वॉल्व्ह सील. माझ्या गाडीचा सकाळचा भपका दिसला, वेग घेताना फारसं काही नाही.

आणि मग सगळ्यात स्वस्त संशयित, ज्याच्याकडे काकांनी बघितलंच नव्हतं: पीसीव्ही वॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली निसटतोच. तो परत इनटेकमध्ये नेऊन जाळायचं काम या छोट्या वॉल्व्हकडून होतं. तो उघडाच अडकला, तर गॅसबरोबर ऑईलची वाफही खेचली जाते. चोंदला, तर आत प्रेशर वाढून ऑईल सीलमधून बाहेर ढकललं जातं. इंजिन आयडलवर ठेवून ऑईल भरायचं झाकण जपून उचला (पंखा आणि बेल्टपासून हात लांब). जोरात फुंकर येत असेल तर वॉल्व्ह चोंदलाय किंवा रिंग झिजल्यात. माझं झाकण उलट चिकटून बसलेलं, निघेचना! आत जोरदार ओढ होती. इनटेकचा पाईप काढला तर आतून ऑईलनं माखलेला.

वॉल्व्ह काही शे रुपयांत मिळाला आणि अर्ध्या तासात बसला. पुढच्या १००० किमीला खप आला २०० मिलीवर.

तरीही मी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोजतात. वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह. माझे चारही सिलिंडर जवळपास सारखे आले. पण यात एक मेख आहे. खालची ऑईल रिंग कार्बननं जाम झाली तरी कॉम्प्रेशन नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे नुसत्या या रिपोर्टवर "रिंग ठीक" असं धरू नका, मोजणं चालूच ठेवा.

सकाळचा भपका अजून आहे, म्हणजे वॉल्व्ह सील कडक झालीत. बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये कॉम्प्रेस्ड हवा भरून, हेड न काढताच ती बदलता येतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "येतंय की, पण तेवढं कोणी सांगतच नाही." दिवाळीनंतर करून घेणार आहे. तोवर डिकीत अर्धा लिटरची बाटली आणि रविवारचा फोटो चालू.