जुन्या खोदाई यंत्राचा दिवा लागला, तर आधी वायर बघा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाचट आणि ठिबक यांची माहिती वाचता. या खेपेस आम्ही इंजिनाच्या वायरिंगवर लिहीत आहोत, याचे आपणास नवल वाटेल. पण शिवारात फिरताना एक गोष्ट आमच्या नजरेस आली. शेततळी, चाऱ्या आणि पाणंद रस्त्यांच्या कामासाठी आपल्या बऱ्याच सभासदांच्या मुलांनी जुने जेसीबी किंवा पोकलेन घेतले आहे. यंत्र जुने, कर्ज मात्र नवे. यंत्र आठ दिवस उभे राहिले तरी हप्ता थांबत नाही.

एका सभासदाच्या घरी असेच झाले. खोदाई यंत्राचा ऑईल प्रेशरचा दिवा लागला आणि इंजिनाची ताकद पडली. मिस्त्रीने सेन्सर बदलला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. दुसरा सेन्सर आणला, तरी तेच. शेवटी, "दिवा लागू दे, वायर काढून टाकू आणि काम चालू ठेवू," असे ठरत होते. तेवढ्यात आम्ही ऊस नोंदीसाठी तिथे गेलो होतो. आम्ही शेतकी पदविकावाले, इंजिनातले तज्ज्ञ नव्हे. म्हणून ओळखीच्या एका जाणत्या वायरमनला बोलावून घेतले. त्यांच्याकडून जे शिकलो तेच येथे देत आहोत.

सेन्सर हा निरोप्या आहे. इंजिनाची उष्णता, ऑईलचा दाब, चाकाची गती तो मोजतो आणि वायरीतून कंट्रोलरला निरोप धाडतो. निरोप चुकला तर दोष निरोप्याचा असेल, वाटेचा असेल, किंवा निरोप खराही असेल! उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. मुळाशी पाणी साचले आहे का ते आधी बघतो. तसेच हे आहे.

कोड नीट वाचावा

पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर कोडचे दोन आकडे येतात. पहिला आकडा कोणत्या गोष्टीबद्दल निरोप आहे ते सांगतो: १०० म्हणजे ऑईल प्रेशर, ११० म्हणजे पाण्याचे तापमान. दुसरा आकडा बिघाड कोणत्या जातीचा ते सांगतो, आणि तोच महत्त्वाचा. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. हे दोन्ही विजेचे दोष आहेत. परंतु १०० सोबत १ आला, किंवा ११० सोबत ० आला, तर दाब खरोखर पडला आहे किंवा इंजिन खरोखर तापले आहे असे समजावे. यंत्र तिथेच बंद करावे. ऑईलची पातळी बघावी आणि साधे काट्याचे गेज लावून दाब मोजावा. "सेन्सरच खराब असेल" म्हणून पुढे चालवले, तर इंजिन जाम होते.

तपासणीचा क्रम

बकेट जमिनीवर टेकवावे, इंजिन थंड होऊ द्यावे. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१) प्रथम बॅटरी. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या यंत्रात सुमारे १२.६ दाखवते, २४ व्होल्टच्या यंत्रात त्याच्या दुप्पट. मग स्टार्टर मारताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थची केबल घासून, आवळून घ्यावी. निम्मे खोटे कोड इथेच मिटतात, असा त्या वायरमनचा अनुभव आहे.

२) दोन वायरींचा तापमान सेन्सर असेल तर चावी बंद करून त्याचे कनेक्टर काढावे. चावी चालू करून (इंजिन सुरू न करता) कोड बघावा. तो ३ व्हायला हवा. मग कनेक्टरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडाव्यात. कोड ४ व्हायला हवा. असे दोन्ही वेळा बदलले, तर वायर आणि कंट्रोलर ठीक, दोष सेन्सरचा. काहीच बदलले नाही, तर दोष वाटेत आहे. नवा सेन्सर आणून उपयोग नाही.

३) तीन वायरींच्या दाब सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि निरोपाची वायर असते. इथे पिना एकमेकींना मुळीच जोडू नयेत. कनेक्टर काढून, चावी चालू करून पुरवठ्याच्या पिनेवर ५ व्होल्ट येतात का एवढेच मोजावे.

४) वायरिंग हाताने हलवत मीटर बघत राहावे. आकडा उडाला की जागा सापडली.

इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नये. तिथला विजेचा दाब फार मोठा असतो. वायरीला सुई टोचूनही बघू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तांबे हिरवे होते.

त्या यंत्रात काय निघाले?

वायरमनने कोड पुन्हा वाचले, तर एक नव्हे, तीन सेन्सरांचे कोड होते. ते म्हणाले, "तीन निरोपे एकाच दिवशी आजारी पडत नाहीत." कित्येक सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच वायरीतून मिळतो. ती कुठे अर्थला टेकली की सगळेच मुके होतात. एकेक कनेक्टर काढत मीटर बघितला. एखादे काढल्यावर ५ व्होल्ट परत आले असते, तर तोच सेन्सर दोषी ठरला असता. सगळे काढले तरी आले नाहीत, म्हणजे दोष वायरीत. एका क्लॅम्पखाली वायरीचे आवरण ब्लॉकला घासून गेले होते. झाळून, नळी चढवून, बांधून टाकले. हातभर वायर, आणि त्यासाठी दोन सेन्सर फुकट गेले होते.

जुने यंत्र घेताना

१ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाची सीईव्ही टप्पा ४ ही मर्यादा लागू झाली. तेव्हापासूनच्या यंत्रांत सेन्सर वाढले, आणि अशी यंत्रे आता जुन्या बाजारात येत आहेत. म्हणून व्यवहाराआधी चावी चालू करून इशाऱ्याचे सर्व दिवे क्षणभर लागतात का ते पाहावे. न लागणारा दिवा कोणी काढूनही टाकलेला असतो. जोड मारलेल्या वायरी, उंदरांनी कुरतडलेले आवरण, कनेक्टरमधले पाणी शोधावे. घेतल्यानंतर वेल्डिंग करायचे झाल्यास बॅटरी आणि कंट्रोलरची कनेक्टरे आधी काढावीत, आणि धुताना दाबाचे पाणी त्यांच्यावर मारू नये.

सभासद बंधूंनो, दिवा लागला की दोन मोह होतात: नवा सेन्सर आणण्याचा आणि दिवाच बंद करण्याचा. पहिल्याने पैसा जातो, दुसऱ्याने इंजिन. मीटर हातात घ्या, आणि हा अंक यंत्र चालवणाऱ्या मुलाला जरूर वाचायला द्या.