स्वस्त इंटरनेट : भार कोणी सोसायचा?



गेल्या हंगामात आम्ही एका गट ऑफिसात बसलो होतो. एक वयस्कर सभासद आले. पंधरा-वीस गुंठे ऊस, खिशात बटणांचा साधा फोन. चिटबॉयला म्हणाले, "माझ्या गाडीचं वजन किती भरलं रे?" पोरगा म्हणाला, "आबा, अ‍ॅपवर आलंय की." त्यावर आबा म्हणाले, "आलं असंल बाबा, पण आमच्या घरात ते अ‍ॅप हाय कुठं?" शेवटी त्या पोराने आपल्याच फोनवर पाहून आकडा सांगितला. गोष्ट एवढीच. परंतु तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात घोळतो आहे. ज्या घराला परवडत नाही त्या घरात इंटरनेट पोहोचावे म्हणून सरकारने, किंवा एखाद्या संस्थेने, पदरचा पैसा घालावा की घालू नये?

पारावर हा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते. "नेट म्हणजे काय भाकरी आहे का? पोरं रात्रभर त्यावर नाचगाणी बघतात, त्याला अनुदान कशाला?" ह्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही, आमच्याही घरात पोरे आहेत. पण दुसरी बाजू पाहावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद मोबाईलवर आली. पीएम किसानची ई-केवायसी आली. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा वर्ग फोनवर भरले, आणि ज्या घरात एकच फोन होता त्या घरात तो बापाबरोबर शेतावर गेला. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा २३९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ वर गेला. आपल्यातल्या पाच-दहा एकरवाल्याला साठ रुपये म्हणजे काहीच नाहीत. रोजावर जाणाऱ्या बाईला तसे नाही, आणि कोपीत राहून ऊस तोडणाऱ्या जोडप्याला तर नाहीच.

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात तो गेली काही वर्षे चांगलाच पेटला, आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून थोडा तपशील देतो. तिकडे गरिबांच्या टेलिफोन बिलात सवलत देणारी 'लाइफलाइन' नावाची योजना १९८५ पासून आहे. २०१६ साली ती इंटरनेटलाही लागू झाली, पण सवलत महिन्याला सव्वानऊ डॉलरची. एवढ्यात तिकडचे बिल भागत नाही. करोनाच्या काळानंतर तेथील संसदेने १,४२० कोटी डॉलर मंजूर केले आणि २०२१ च्या अखेरीस नवी योजना निघाली. तिचे नाव 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम', म्हणजे परवडणाऱ्या जोडणीची योजना. कमी उत्पन्नाच्या घराला महिन्याला ३० डॉलरपर्यंत आणि आदिवासींच्या राखीव भूमीवर ७५ डॉलरपर्यंत सवलत. पैसे घराच्या हातात येत नसत, कंपनी तेवढे बिल कमी करी. २ कोटी ३० लाखांवर कुटुंबे तीत आली.

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की, यातल्या बहुतेकांकडे इंटरनेट आधीपासून होतेच. सरकार कंपन्यांची झोळी भरते आहे. काही सिनेटरांनी डिसेंबर २०२३ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाला तसे पत्रच लिहिले. आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपली पाहणी पुढे केली. तीत ६८ टक्के लाभार्थ्यांनी सांगितले की आधी आमच्याकडे इंटरनेट नव्हते किंवा असले तरी धड टिकत नव्हते. आता ह्या 'टिकत नव्हते'चा अर्थ उपसा सिंचनाच्या सभासदाला समजावून सांगायला नको. पाइपलाइन शेतापर्यंत आलेली असते, पण पाणीपट्टी थकली की चावी बंद. कागदावर मात्र शेत बागायती! दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. फरक मोजण्यात होता.

गंमत म्हणजे ही योजना पुढे चालावी म्हणून जे विधेयक आले त्याला दोन्ही पक्षांचे लोक होते. आज उपाध्यक्ष असलेले जे. डी. व्हान्स हे तेव्हा सिनेटर होते आणि त्यांचेही नाव त्यावर होते. तरीही पैसा मिळाला नाही. ७ फेब्रुवारी २०२४ ला नवीन नोंदणी थांबली आणि १ जून २०२४ ला योजना मिटली. आमच्या मते खरी चूक इथे झाली. एकरकमी निधीवर योजना उभी केली, लोकांना सवय लावली आणि तिजोरी रिकामी होताच हात वर केले. ठिबकचे अनुदान अर्ध्या वाटेत अडकले की काय होते ते आपण जाणतोच.

न्यूयॉर्क राज्याने वेगळी वाट धरली. अनुदान न देता कंपन्यांनाच हुकूम केला की गरीब घराला महिन्याला १५ डॉलरमध्ये जोडणी द्या. कंपन्या कोर्टात गेल्या, अनेक वर्षे भांडल्या, अखेर जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. त्याच वेळी एटी अँड टी ह्या कंपनीने आपली बिनतारी घरगुती इंटरनेट सेवा त्या राज्यातून काढूनच घेतली. भाव बांधून दिला की माल बाजारातून गायब होतो, हा अनुभव साखरेच्या धंद्यातल्या माणसाला नवा नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे यासाठी पैसाच नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. दूरसंचार कंपन्यांच्या हिशेबी महसुलातून ५ टक्के रक्कम २००२ पासून एका राष्ट्रीय निधीत जमा होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. म्हणजे आपण रिचार्ज मारतो त्यात ही कपात आधीच आहे. उसाच्या बिलातली प्रत्येक कपात आपण सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारतो, या कपातीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ह्या निधीतून गावोगाव तारा नेण्याचे काम चालते, भारतनेट त्यातूनच झाले. पण तार ग्रामपंचायतीपर्यंत आली म्हणजे आबांच्या घरात आली असे नव्हे. केरळ सरकारने ५ जून २०२३ रोजी 'के-फोन' सुरू केले, त्यात दारिद्र्यरेषेखालील २० लाख घरांना मोफत जोडणी द्यायचे योजले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली शंभर घरे, म्हणजे सारी मिळून १४ हजार घरे धरली. सुरुवात म्हणून ठीक, पण वीस लाखांच्या मानाने हे म्हणजे पहिल्या दिवसाचे गाळप.

फुकट देणाऱ्याचा हेतूही तपासावा लागतो. २०१५ साली फेसबुकने आपल्या देशात 'फ्री बेसिक्स' आणले. पैसे लागणार नाहीत, पण त्यांनी निवडलेल्या ठरावीक जागाच उघडतील. देशभर मोठा वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. शेजाऱ्याने म्हणावे, विहिरीचे पाणी फुकट घे, पण पीक मी सांगेन तेच लाव. तसला तो प्रकार. ट्रायने केले ते योग्य केले. मात्र त्यानंतर गरिबाला दुसरे काय दिले, हे विचारणारे फार थोडे निघाले.

आणि वारणानगरचे उदाहरण तर आपल्या घरचेच. १९९८ साली तेथील सहकारी साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात, कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तरएक गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प निघाला. खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकारचा, थोडा वारणा समूहाचा. तेव्हा शहरातल्या घरांतसुद्धा इंटरनेट नव्हते, म्हणून देशभर त्याचे कौतुक झाले. केंद्रांतून शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सारे मिळेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात लोक आले ते मुख्यतः उसासाठी : तोडीचा परवाना, वजन, बिल. वीज आणि लाइन यांची रड होतीच. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर मेसेजने तीच माहिती देऊन पाहिली, आणि काम स्वस्तात भागले. महागड्या यंत्रापेक्षा वजनाचा आकडा वेळेवर मिळणे शेतकऱ्याला मोलाचे वाटले. यात एक गोष्ट आम्हाला खटकते. ज्याच्या घरी ऊस नाही, त्या भूमिहीनाचे अशा केंद्रात काम ते काय राहिले?

आमचे मत विचाराल तर अनुदान द्यावे. सरसकट नको, आपल्यासारख्या बागायतदाराला तर मुळीच नको. रेशनकार्डावरून घर ठरवावे, पैसा त्या ५ टक्क्यांच्या कायम निधीतून यावा, आणि कोणत्या कंपनीची जोडणी घ्यायची व तिच्यावर काय बघायचे हे त्या घराने ठरवावे. पोरे नाचगाणी बघतील, बघू द्या. विजेच्या सवलतीवर आपण मोटार चालवतो, तेव्हा त्या पाण्यावर काय पिकवता असे कोणी विचारीत नाही.

कारखान्याने यात काय करावे? सर्व घरांचे रिचार्ज भरणे कारखान्याच्या कुवतीतले नाही, आणि उसाच्या दरातून ते करावे असे आम्ही सुचवणारही नाही. पण गट ऑफिसांत जोडणी आहेच. हंगामाचे पाच-सहा महिने जिथे तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात, तिथे संध्याकाळचे दोन तास मुलांच्या अभ्यासासाठी तीच खुली ठेवता येईल. ह्याला फार खर्च नाही, एक माणूस थांबवावा लागेल इतकेच. सभासदांनी आपले म्हणणे वार्षिक सभेपूर्वी लेखी कळवावे. विरोधी मतही जरूर छापू.

तोवर गट ऑफिसातली वजनाची कागदी स्लिप बंद करू नये, असे आम्ही शेतकी खात्याला कळवले आहे.